धम्मदीक्षा

आश्विन महिन्याचे दिवस होते. पावसाळा सरला होता आणि विदर्भाच्या काळ्या रानात कपाशी व ज्वारी डोलत होती. इ. स. १९५६ च्या त्या ऑक्टोबर महिन्यात नागपूर शहराकडे येणाऱ्या सर्व वाटा माणसांनी भरून गेल्या. कोणी आगगाडीने आले, कोणी मोटारीने. पुष्कळसे लोक तर शिदोरी बांधून पायीच निघाले होते. त्यांत शेतमजूर होते, गिरणीकामगार होते, म्हाताऱ्या आया होत्या आणि कडेवरची मुलेही होती. बहुतेकांच्या अंगावर शुभ्र वस्त्रे होती. ज्यांच्यापाशी पांढरे पातळ किंवा सदरा नव्हता त्यांतील कित्येकांनी घरातील किडूकमिडूक विकले, पण वस्त्र आणि वाटखर्च यांची सोय केली. शहराच्या नैर्ऋत्येकडील एका मोकळ्या मैदानावर ही सारी माणसे जमत होती. त्या मैदानावर सांचीच्या स्तूपासारखा दिसणारा एक मंडप उभारला होता.

दिनांक १४ ऑक्टोबर, अशोक विजयादशमीचा दिवस. सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्यासपीठावर आले. त्यांची प्रकृती क्षीण झाली होती. हातात काठी होती. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी सविताबाई होत्या. प्रथम बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ यांच्या स्मृतीसाठी सर्व जनसमुदाय क्षणभर स्तब्ध उभा राहिला. मग कुशिनगरहून आलेले वयोवृद्ध भिक्षू महास्थविर चंद्रमणी यांनी पाली भाषेतून त्रिशरण व पंचशील सांगितले. उभयतांनी हात जोडून ते उच्चारले, बुद्धमूर्तीला तीन वेळा वंदन केले आणि पांढरी कमळे वाहिली. हा विधी एवढाच होता. यज्ञ नव्हता, बळी नव्हता, दक्षिणा नव्हती.

त्यानंतर बाबासाहेब समुदायाकडे वळले. ज्यांना बुद्धाचा धम्म स्वीकारावयाचा असेल त्यांनी उभे राहावे, असे त्यांनी सांगताच ते सारे मैदान उठून उभे राहिले. तेथे तीन लाखांहून अधिक माणसे होती असे म्हणतात. काहींच्या मते ती संख्या पाच लाख होती. बाबासाहेबांनी त्यांना त्रिशरण व पंचशील दिले आणि स्वतः सिद्ध केलेल्या बावीस प्रतिज्ञा मराठीतून सांगितल्या. एकेक प्रतिज्ञा ते उच्चारीत आणि लाखो कंठ ती पुन्हा म्हणत.

दीक्षा घेऊन लोक आपापल्या गावी परतले तेव्हा त्यांच्या हाती धन आले नव्हते, जमीन आली नव्हती, अधिकारपदही मिळाले नव्हते. जी झोपडी सोडून ते आले होते तिच्यातच ते पुन्हा गेले. मग त्या सकाळी त्यांनी नेमके घेतले तरी काय? याचे उत्तर मिळण्यासाठी बुद्धाचा धम्म काय सांगतो हे समजून घेतले पाहिजे.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी शाक्यांच्या कुळात सिद्धार्थ गौतम जन्मले. लुंबिनी हे त्यांचे जन्मस्थान. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून त्यांना वैराग्य आले, ही परंपरेने सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मात्र वेगळे कारण मांडले आहे. शाक्य व कोलिय या शेजाऱ्यांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटला. शाक्यांच्या सभेने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थांनी त्याला विरोध केला आणि युद्धात भाग घेण्यापेक्षा गृहत्याग पत्करला. पाण्यासाठी माणसाने माणसाचा गळा कापावा, हे त्यांना मान्य नव्हते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावच्या पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले आणि ज्याला दिनांक २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाला या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

गृहत्यागानंतर सिद्धार्थांनी सहा वर्षे कठोर तप केले. अन्न टाकले, देह झिजविला. परंतु देह झिजला म्हणजे ज्ञान होते असे नाही, हे त्यांना कळून आले. पुढे बोधगया येथे पिंपळाच्या झाडाखाली चिंतन करीत असता त्यांना बोध झाला आणि ते बुद्ध म्हणजे जागे झालेले पुरुष म्हणून ओळखले जाऊ लागले. काशीजवळील सारनाथ येथे त्यांनी आपल्या पाच जुन्या सोबत्यांना पहिला उपदेश केला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव हिंडले, राजापासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांशी लोकांच्याच भाषेत बोलले आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुशिनगर येथे त्यांनी देह ठेवला.

सारनाथच्या उपदेशाचा गाभा म्हणजे चार आर्यसत्ये. जगात दुःख आहे, हे पहिले सत्य. दुःखाला कारण आहे आणि ते कारण तृष्णा म्हणजे कधीही न भागणारी हाव होय, हे दुसरे. कारण नाहीसे केले तर दुःखही नाहीसे होते, हे तिसरे. त्यासाठी एक मार्ग आहे, हे चौथे. वैद्य जसा प्रथम रोग ओळखतो, मग त्याचे मूळ शोधतो, रोग बरा होण्यासारखा आहे असा धीर देतो आणि शेवटी औषध सांगतो, तशीच ही मांडणी आहे. रोगाचे नाव ऐकूनच जो उठून जाईल त्याला बुद्ध दुःखाचे गाणे गाणारे वाटतील. पण जो औषधापर्यंत थांबेल त्याला त्यांच्या उपदेशात मोठी आशा दिसेल.

ही आशा एका नियमावर उभी आहे. जे जे घडते ते कारणाने घडते, कारण बदलले की कार्यही बदलते, असे बुद्धांनी सांगितले. या नियमाला प्रतीत्यसमुत्पाद असे नाव आहे. जगात कायमचे, न बदलणारे असे काहीच नाही. म्हणून सर्व गोष्टी अनित्य आहेत. अनित्य हा शब्द ऐकून काहींचे मन खिन्न होते. परंतु ज्याच्या वाट्याला केवळ अपमान आला आहे, त्याला हाच शब्द दिलासा देतो. आपली हीन स्थिती सृष्टीच्या आरंभापासून ठरलेली आहे, असे ज्याला सांगितले गेले होते, त्याला कळते की ती माणसांनी केली आहे. आणि जे माणसांनी केले ते माणसांना मोडताही येते. दुःखाचा विचार करताना डॉ. आंबेडकरांनी मनाच्या तृष्णेबरोबरच दारिद्र्य आणि विषमता यांकडेही लक्ष वेधले. माणसाने माणसावर लादलेले दुःख दूर करणे हेही त्यांच्या मते धम्माचेच कार्य होय.

दुःख दूर करण्याच्या मार्गाला मध्यम मार्ग म्हणतात. त्याचे मर्म सांगणारी एक जुनी कथा आहे. सोण नावाचा एका धनिकाचा पुत्र भिक्षू झाला. त्याची काया अतिशय सुकुमार होती. त्याने इतका निकराने अभ्यास चालविला की येरझारा घालून त्याच्या तळपायांतून रक्त वाहू लागले. तरीही मन शांत होईना. तेव्हा निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. बुद्ध त्याच्याकडे आले. सोण पूर्वी वीणा उत्तम वाजवीत असे, हे त्यांना ठाऊक होते. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय, असे त्यांनी विचारले. सोण नाही म्हणाला. तारा फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही, असे त्याने सांगितले. मग बुद्धांनी त्याला समजाविले की प्रयत्नांचेही तसेच आहे; अति ताणाने मन थकते आणि ढिलाईने ते आळसावते. सोणाला आपली चूक उमगली आणि त्याने योग्य तेवढाच प्रयत्न करण्यास आरंभ केला. चैन आणि देहदंड या दोन टोकांच्या मधून जाणारी वाट ती हीच.

या वाटेची आठ अंगे सांगितली आहेत. म्हणून तिला अष्टांगिक मार्ग असेही म्हणतात. वस्तुस्थिती जशी आहे तशी पाहणे ही सम्यक दृष्टी. मनात हाव, द्वेष व क्रूरता न ठेवता चांगला निश्चय करणे हा सम्यक संकल्प. खोटे, कठोर, चहाडीचे आणि वायफळ न बोलणे ही सम्यक वाचा. हिंसा, चोरी व दुराचार टाळणे हे सम्यक कर्मान्त. दुसऱ्याला अपाय न करता पोट भरणे ही सम्यक आजीविका. शस्त्रे, माणसे, विष किंवा मद्य विकून जगणे या मार्गात बसत नाही. मनातील वाईट विचारांना आवरणे आणि चांगल्यांना वाढविणे हा सम्यक व्यायाम. आपण काय करतो, काय बोलतो, मनात काय चालले आहे याचे सतत भान ठेवणे ही सम्यक स्मृती. आणि मन एकाग्र व शांत करणे ही सम्यक समाधी. या आठांपैकी एकही गोष्ट अशी नाही की जी एकासाठी दुसऱ्याला करता येईल. भाड्याने माणूस लावून कोणाला खरे बोलता येत नाही, की पैसे देऊन कोणाला आपल्या मनातील द्वेष काढून टाकता येत नाही. हाव, द्वेष आणि मोह यांची आग विझणे म्हणजे निर्वाण. आणि आग ज्याच्या घरात लागली आहे त्यानेच ती विझवावयाची असते.

गृहस्थाने रोजच्या जीवनात पाळावयाचे नियम म्हणजे पंचशील. प्राण्याची हत्या करणार नाही, कोणी न दिलेली वस्तू घेणार नाही, दुराचार करणार नाही, असत्य बोलणार नाही आणि मादक पदार्थांचे सेवन करणार नाही, असे हे पाच निश्चय आहेत. ते देवाच्या आज्ञा नव्हेत. त्या प्रत्येकात माणूस स्वतःच स्वतःला बजावतो की हे मी करणार नाही. नागपूरच्या मैदानावर लाखो लोकांनी हेच पाच निश्चय उच्चारले. दारूच्या पायी ज्या घरातील मजुरी संपत असे, त्या घरातील बाईने पाचवे शील ऐकले असेल तेव्हा तिला तो केवळ धर्मविधी वाटला नसेल.

त्रिशरणाचा अर्थही असाच समजून घ्यावयास हवा. बुद्ध, धम्म आणि संघ या तिहींचा आसरा घेणे म्हणजे त्रिशरण. येथे बुद्ध हे देव नाहीत, देवाचे प्रेषित नाहीत, की पापे पुसून टाकणारे तारकही नाहीत. ते वाट दाखविणारे गुरू आहेत. चालावे मात्र ज्याचे त्याने. धम्म म्हणजे ती वाट आणि संघ म्हणजे त्या वाटेवरचे सोबती. आपल्या अखेरच्या दिवसांतही बुद्धांनी शिष्य आनंद यांना हेच सांगितले की, दुसऱ्या कोणावर विसंबून न राहता प्रत्येकाने स्वतःच स्वतःचा आधार व्हावे.

बुद्धांनी आपला शब्दसुद्धा डोळे मिटून मानावयास सांगितला नाही. केसपुत्त नावाच्या नगरात कालाम लोक राहत असत. त्यांच्याकडे निरनिराळे उपदेशक येत. प्रत्येक जण आपलेच मत खरे आणि इतरांचे खोटे म्हणून सांगे. गोंधळलेल्या कालामांनी बुद्धांना विचारले की आम्ही कोणाचे खरे मानावे? बुद्धांनी त्यांना सांगितले की, एखादी गोष्ट परंपरेने चालत आली आहे, ग्रंथात लिहिली आहे किंवा गुरूने सांगितली आहे एवढ्यावरून ती स्वीकारू नये. तिच्यामुळे लोभ, द्वेष व मोह वाढत असतील तर ती टाकावी. तिच्यामुळे लोकांचे हित व सुख साधत असेल आणि सुज्ञ लोक तिला नावे ठेवीत नसतील तरच ती आचरावी. विचार करण्याचा हा अधिकार ज्या धर्मात प्रत्येकाला दिला आहे, त्या धर्माकडे डॉ. आंबेडकरांसारखा व्यासंगी पुरुष ओढला गेला यात नवल नाही. त्यांची ही ओढ जुनी होती. इ. स. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले होते. आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी दिनांक १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे जाहीर केले. त्यानंतर दीक्षेपर्यंत त्यांनी एकवीस वर्षे घेतली. निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला आणि मगच आपल्या अनुयायांपुढे मार्ग ठेवला. कालामांना दिलेला उपदेश त्यांनी असा प्रत्यक्ष पाळला.

धम्माच्या शिकवणीत मैत्री आणि करुणा यांना मोठे स्थान आहे. सर्व प्राण्यांचे भले व्हावे असे वाटणे ही मैत्री; दुसऱ्याचे दुःख पाहून मन द्रवणे ही करुणा; दुसऱ्याच्या उत्कर्षाने आनंदित होणे ही मुदिता; आणि सुखदुःखांत मन समतोल ठेवणे ही उपेक्षा. अशी मैत्री ज्याच्या ठिकाणी आहे तो माणसामाणसांत उच्चनीच भाव मानू शकत नाही. राजगृह नगरात सुनीत नावाचा एक झाडूवाला होता. रस्ते झाडून आणि कचरा उचलून तो पोट भरीत असे. एके दिवशी बुद्ध भिक्षूंसह त्या रस्त्याने येताना त्याला दिसले. आपली सावली त्यांच्यावर पडू नये म्हणून की काय, तो भिंतीला अंग चिकटवून हात जोडून उभा राहिला. बुद्ध त्याच्याजवळ थांबले, त्याच्याशी प्रेमाने बोलले आणि तू भिक्षू होशील काय, असे त्यांनी विचारले. त्या दिवसापासून सुनीत संघात आला आणि आपल्या शीलाच्या बळावर थोर भिक्षूंत गणला गेला. जन्माने कोणी हीन होत नाही आणि जन्माने कोणी श्रेष्ठही होत नाही. माणूस आपल्या कर्माने हीन किंवा श्रेष्ठ ठरतो, ही बुद्धांची शिकवण सुनीताच्या रूपाने लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

नागपूरच्या त्या मैदानावर असे लाखो सुनीत उभे होते. रस्त्यात बाजूला होऊन उभे राहण्याची शिकवण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाली होती. त्यांच्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवदेवता व कर्मकांडे सोडण्याचा निश्चय होता. पण तेवढ्यावर त्या संपत नव्हत्या. सर्व माणसे समान आहेत असे मी मानीन, समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, अष्टांगिक मार्गाने चालेन, प्राणिमात्रांवर दया करीन, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशा आशयाच्या प्रतिज्ञाही त्यांत होत्या. एका हाताने समतेचा हक्क मागावा आणि दुसऱ्या हाताने शीलाचे ओझे उचलावे, असा हा प्रसंग होता. हक्क दुसऱ्याकडून मिळवावा लागतो. शील मात्र स्वतःच उभे करावे लागते. त्या लोकांनी घेतले ते हेच. आपण सुधारू शकतो, आपले जीवन आपल्या हाती आहे, हा विश्वास त्यांनी घेतला.

हा दिवस आणि हे स्थळ यांची निवडही विचारपूर्वक केलेली होती. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख देशोधडीला लागली, असे सम्राट अशोकाने स्वतःच आपल्या शिलालेखात नमूद केले आहे. त्या संहाराचा त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने शस्त्रांच्या विजयापेक्षा धम्माचा विजय श्रेष्ठ मानला. त्या घटनेची आठवण म्हणून विजयादशमीचा हा दिवस अशोकाच्या नावाने ओळखला जातो. शिवाय इ. स. १९५६ हे बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे अडीच हजारावे वर्ष म्हणून जगभर साजरे होत होते. नागपूर का निवडले, याचा खुलासा बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात केला. प्राचीन काळी बुद्धाच्या धम्माचा प्रसार करण्यात नाग लोकांचा मोठा वाटा होता; त्या नागांची ही भूमी आणि शहरातून वाहते ती नाग नदी, असे त्यांनी सांगितले. नागपूरच्या आसमंतात धम्माच्या जुन्या खुणाही सापडल्या आहेत. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी येथे इ. स. १९६९-७० मध्ये उत्खनन झाले, तेव्हा प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. म्हणजे धम्म या भूमीला परका नव्हता. तो बऱ्याच काळाने आपल्या घरी परतला होता.

दिनांक १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपूर येथेही असाच दीक्षासमारंभ झाला. त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहीत तोच, दिनांक ६ डिसेंबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांचे दिल्ली येथे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला, तेव्हा शोकाकुल लोकांनी तेथेच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. गुरू गेला, पण वाट राहिली होती. आज महाराष्ट्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात इ. स. १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती, इ. स. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. इ. स. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध होते आणि भारतातील दर चार बौद्धांपैकी तीन या एकाच राज्यातील होते.

ज्या मैदानावर दीक्षा झाली त्याला आता दीक्षाभूमी म्हणतात. तेथे एक भव्य स्तूप उभा आहे. त्याचे बांधकाम इ. स. १९७८ मध्ये सुरू झाले आणि दिनांक १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. प्राचीन स्तूप आतून भरीव असत. त्यांना बाहेरून प्रदक्षिणा घालावी लागे. हा स्तूप मात्र आतून पोकळ आहे आणि त्याच्या घुमटाखाली हजारो माणसे एकत्र बसू शकतात. ज्यांना पूर्वी देवळांच्या पायरीवरूनच परतावे लागत असे त्यांच्या लेकराबाळांसाठी हा बदल अर्थपूर्ण आहे. आवारात बोधिवृक्ष आहे. श्रीलंकेतील अनुराधापूरच्या प्राचीन बोधिवृक्षाची रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणली होती, त्यांपासून तो वाढला.

दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून येथे येतात. स्तूपाला वंदन करतात, त्रिशरण व पंचशील म्हणतात आणि मग पुस्तकांच्या दुकानांकडे वळतात. या दिवशी दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकाने रांगेने लागलेली असतात. यात्रेहून परतणारा माणूस सहसा अंगारा किंवा प्रसाद घेऊन जातो. येथून परतणाऱ्याच्या पिशवीत पुस्तक असते. आजीला अक्षरओळख नसली तरी ती नातवंडासाठी पुस्तक घेते. प्रज्ञा, शील आणि करुणा ही धम्माची तीन अंगे आहेत. त्यांतील प्रज्ञेचा दिवा घरोघर असा पोहोचतो. शील आणि करुणा मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. ती प्रत्येकाने रोजच्या वागणुकीत स्वतःच मिळवावयाची असतात. आणि ती मिळविण्याची योग्यता प्रत्येक माणसात असते, हेच नागपूरच्या त्या सकाळचे सांगणे आहे.

स्वाध्याय

१. दीक्षा घेऊन परतलेल्या लोकांनी त्या सकाळी नेमके काय घेतले, ते आपल्या शब्दांत सांगा.

२. चार आर्यसत्यांची तुलना वैद्याच्या कामाशी कशी केली आहे?

३. सोण भिक्षूला बुद्धांनी वीणेचा दृष्टांत का दिला?

४. ‘अनित्य हा शब्द दिलासा देतो’ असे पाठात का म्हटले आहे?

५. अष्टांगिक मार्गातील कोणतीही दोन अंगे निवडा आणि ती शाळेत किंवा घरी कशी पाळता येतील ते लिहा.

६. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : मन द्रवणे, देशोधडीला लागणे, उजेडात येणे, विसंबून राहणे.